गव्हात घालायच्या गोळ्या

“सेक्रेटरी, लिहा. फ्लॅट नंबर एक, चिवटे. गहू एक पोतं, गोळ्या दोन.”

आवटीकाका पार्किंगमध्ये एका पोत्यावर मांडी घालून बसले होते आणि मी दुसऱ्या पोत्यावर वही ठेवून लिहीत होतो. सत्त्याण्णव सालचा मे महिना, रविवारची सकाळ. सांगलीतल्या आमच्या ‘समाधान’ सोसायटीत सोळा बिऱ्हाडं होती आणि सोळांनाही समाधान एकाच गोष्टीत मिळायचं : कुठलीही वस्तू बाजारभावापेक्षा चार आणे स्वस्त पडली पाहिजे. म्हणून दर उन्हाळ्यात आम्ही वर्षाचे गहू एकत्र आणायचो. ते गच्चीवर दोन दिवस उन्हात पडायचे, बायका ते निवडायच्या आणि मग ते घरोघर कोठ्यांत जायचे. पुढचे अकरा महिने पुरुष मंडळी त्या पोळ्या खात ‘आमच्या गव्हाची’ तारीफ करायची. जणू लोंब्या त्यांनीच खुडल्या होत्या.

आदल्या वर्षी मात्र दिवाळीच्या आतच गव्हात सोंडे झाले. गहू ठरवून आणले होते आवटीकाकांनी. वखारीत तीस वर्षं काढून, भांडारपाल म्हणून निवृत्त झालेला माणूस. धान्यातलं त्यांना कळत नाही असं म्हणणं म्हणजे भटजींना पंचांग येत नाही म्हणण्यासारखं. पण चिवट्यांच्या सुनेने भर जिन्यात म्हटलं, “काकांच्या गव्हाचं बरं असतं, पोळीबरोबर मटणही मिळतं.” आमची अर्धी इमारत शाकाहारी. ती अर्धी जास्त हसली.

हे बोलणं काकांनी वर्षभर मनात धरलं होतं. या वेळी ते जय्यत तयारीने आले होते. मांडीवर एक गोल, चंदेरी डबा. त्यातून चिमट्याने गोळी काढायची, दोन गोळ्या फडक्याच्या तुकड्यात बांधायच्या आणि पुरचुंडी समोरच्याच्या हातात द्यायची. प्रसाद वाटावा तसं चाललं होतं. घेणारेही उजवा हात पुढे करत होते.

“काका, हे बोरिक पावडरीसारखंच का?” कुणीतरी विचारलं.

“बोरिक?” काका असे हसले की विचारणारा अर्धी पायरी खाली उतरला. “अहो, बोरिक कॅरमला लावा. हे सरकारी औषध आहे. बाजारात मागाल तर मिळणार नाही. माझी ओळख आहे म्हणून डबा मिळाला. हजार हजार पोत्यांची थप्पी असायची आमची. साहेब यायचे तपासणीला, मी म्हणायचो, साहेब, एक सोंडा दाखवा, मी राजीनामा देतो.”

“मग दिला का कधी?”

“तू तुझी पुरचुंडी घे आणि चालू लाग.”

काका गाठी मारत असताना डबा माझ्या वहीशेजारी ठेवलेला असे. मी विम्याच्या कचेरीत दावे तपासायचो. कागदावरच्या ज्या अक्षरांमुळे माणसाचा दावा बुडतो ती नेहमी सगळ्यांत बारीक असतात, आणि ती वाचायचा मला पगार मिळायचा. त्यामुळे जे दिसेल ते वाचायची मला खोडच. काडेपेटीसुद्धा मी चारी बाजूंनी वाचून मग पेटवतो.

डबाही वाचला. त्याच्या उघड्या तोंडातून लसणासारखा उग्र वास येत होता. वर कवटी आणि दोन हाडं होती. तिच्याखाली बारीक इंग्रजीत सहा ओळी होत्या. त्या मी एकदा वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

“काका,” मी म्हणालो, “या डब्यावर...”

“आला!” काकांनी मांडीवर थाप मारली. “मी म्हणतच होतो, अजून शंकासुर कसा आला नाही!”

सगळं पार्किंग हसलं. याला कारण होतं. दोनच महिन्यांपूर्वी टाकीच्या पाण्याला वास येतो म्हणून मी हटून नगरपालिकेचा माणूस बोलावला होता. त्याने पाणी बाटलीत भरून नेलं, आठ दिवसांनी कागद पाठवला : पाणी निर्दोष. वास निघाला तो आमच्याच मोरीतल्या तुंबलेल्या जाळीचा. तेव्हापासून मी जिन्यातून उतरलो की पोरंसुद्धा पाणी हुंगल्यासारखं करायची.

“ती कवटी कुणाची आहे सांगू का, सेक्रेटरी?” काका म्हणाले. “सोंड्याची. माणसाची नाही. तुम्ही सोंडे आहात का?”

पुन्हा हशा झाला. माझी बायको नलिनी सूप घेऊन बाजूला उभी होती. ती तेवढी हसली नाही. मी हसलो. सेक्रेटरीला हसावंच लागतं.

“नाही, मी म्हणत होतो, झाकण घट्ट लावा,” मी म्हणालो आणि पुढचं नाव लिहिलं. “फ्लॅट नंबर नऊ, वाळवेकर.”

सुलभावहिनी वाळवेकर पुढे आल्या. दोन्ही हातांना हळद, डोळ्यांखाली जागरण. त्यांची केतकी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नात एकोणीस दिवसांची होती. सात वर्षं वाट पाहून झालेलं मूल. केतकीचं पहिलं साडेसात महिन्यांचं होऊन गेलं होतं. त्यामुळे या वेळी वहिनींनी तिला खाली जमिनीवर पाय ठेवू दिला नव्हता.

“काका, एक विचारू का?” त्या म्हणाल्या. “आमची कोठी आतल्या खोलीत आहे, केतकीच्या खाटेखालीच. दुसरी जागाच नाही. तिथं बाळ-बाळंतीण निजतात. चालेल ना?”

“चालेल म्हणजे? उलट बरं. बाळाला मुंगीसुद्धा शिवणार नाही.”

वहिनींनी पुरचुंडी घेतली, पण त्या हलल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या.

“काय भावजी? तुम्ही काय म्हणता?”

पार्किंगमध्ये सोळा घरांतली माणसं उभी होती. काका माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पुढचा विनोद तयार बसला होता. मला तो इथून दिसत होता.

“काका अनुभवी आहेत,” मी म्हणालो.

वहिनींनी मान हलवली आणि त्या जिना चढून गेल्या. मी त्यांच्या नावापुढे खूण केली. सर्वांत शेवटी माझं नाव आलं, मीही माझी पुरचुंडी घेतली. सोळा घरं, बत्तीस गोळ्या. बेरीज बरोबर आली.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी कचेरीला निघालो होतो. नलिनी वाळवेकरांकडून आली ती पदर खोचूनच.

“केतकीला पहाटेपासून उलट्या होताहेत. डोकं धरून बसलीय. पोरगी अंगावर पीत नाही, नुसती मलूल पडलीय.”

“डॉक्टर?”

“डॉक्टर कशाला? वाळवेकर म्हणतात उन्हाळा बाधला. चिवट्यांची सून म्हणते बाळंतिणीनं चोरून आंबा खाल्ला. जोशीकाकूंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. आवटीकाकांनी ओवा पाठवला.” तिने एका दमात हजेरी घेतली. आमच्या सोसायटीत वैद्यांची कधीच वाण नव्हती. “आणि खोलीत काय तो लसणाचा वास! बाळंतिणीच्या खोलीत असायचाच म्हणा, लसणाच्या साली, ओवा, वेखंड, सगळं शेगडीवर घालतात.”

मी चपलेत पाय घालता घालता थांबलो.

“शेगडी पेटलेली होती?”

“आं?”

“आत्ता, तू गेलीस तेव्हा. शेगडी पेटलेली होती का?”

तिने आठवलं. “नाही. उकाडा म्हणून कालपासून पेटवलीच नाही म्हणाल्या वहिनी.”

पुढचे दोन जिने मी कसे उतरलो ते मला आठवत नाही. एक चप्पल वरच राहिली एवढं आठवतं.

वाळवेकरांच्या आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खिडक्या बंद. फटींत कापसाचे बोळे कोंबलेले, वर जुनी रजई टांगलेली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. वास लसणाचा होता खरा, पण त्यात नासलेल्या मासळीचंही काहीतरी होतं. खाटेवर केतकी भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे. मांडीवर गुंडाळलेलं गाठोडं. ते रडत नव्हतं. एकोणीस... नव्हे, वीस दिवसांचं पोर रडत नाही म्हणजे काय, ते मला तेवढ्यात कळलं.

“खिडक्या उघडा!” मी ओरडलो आणि रजई ओढली.

“अहो, काय करताय!” दत्ताजी वाळवेकर आडवे आले. एसटीत कंट्रोलर होते, आडवं येण्याची सवय होती. “बाळंतीण आहे ती! वारा लागेल तिला!”

“वारा लागू दे! तिला वारा लागला नाही म्हणूनच हे झालंय! उचला पोरीला, बाहेर न्या. गोळ्यांचा वायू आहे हा. विष आहे, दत्ताजी, विष!”

“कुठल्या गोळ्या? कोठीतल्या? अहो, त्या तर सगळ्यांनीच...”

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. सुलभावहिनींनी नवऱ्याला बाजूला सारलं, गाठोडं उचललं आणि त्या अनवाणी जिना उतरल्या. केतकीला मी आणि नलिनीने दोन्हीकडून धरलं. खाली कुणीतरी रिक्षा आणली होती आणि काका तिच्यापुढे आडवे उभे होते, जाब विचारायला.

“काय आरडाओरडा लावलाय सेक्रेटरी? सगळ्या बिल्डिंगला घाबरवताय. तीस वर्षं मी ही गोळी वापरली. मी मेलो का?”

“काका, गोळ्या टाकल्यावर गोदामात तुम्ही झोपत होतात?”

“झोपायचं कसं? वर ताडपत्री घालायचो, कडा वाळूनं दाबायचो, सात दिवस दार बंद. कुलूप. बाहेर पाटी लावायचो, ‘आत जाऊ नये’...”

ते थांबले. आपलं वाक्य आपणच ऐकल्यासारखे थांबले. आवटीकाकांचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला. त्यांनी रिक्षाची वाट सोडली, केतकीला वहिनींशेजारी आत बसवलं आणि ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, “मिरज. थांबायचं नाही कुठं.”

रिक्षा निघाली आणि कुणीतरी शहाण्याने सुचवलं, “सगळ्यांनी गोळ्या काढा आणि बादलीभर पाण्यात टाका.”

“पाणी नको!” काका किंचाळले. एवढा मोठा आवाज त्यांनी बढाया मारतानाही काढला नव्हता. “पाणी लागलं तर एकदम वायू सुटेल! कुणी हात लावायचा नाही. दारं-खिडक्या सताड उघडा आणि सगळे खाली या. मी वखारीतून माणसं बोलावतो. त्यांच्याकडे वायूचे मुखवटे आहेत.”

हे सगळं काकांना पहिल्यापासून माहीत होतं. फक्त ते गोदामाचं म्हणून माहीत होतं. घराचं म्हणून नव्हे.

मी दुसऱ्या रिक्षाने मिरजेला गेलो. डॉक्टर तरुण होते, चिडलेले होते. “काय खाल्लं होतं?” हेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. वाळवेकर आंब्याबद्दल सांगत होते. मी मध्ये पडलो आणि डब्यावरचं औषधाचं नाव सांगितलं, जसंच्या तसं, टक्केवारीसकट. डॉक्टरांचा हात थांबला.

“कोठी खोलीत होती? बंद खोलीत?”

“खाटेखाली. रात्रभर.”

“याला उतारा नसतो,” ते म्हणाले. “हृदयाला सांभाळायचं, श्वासाला सांभाळायचं आणि वाट बघायची.” मग नर्सला हाका मारत ते आत गेले. जाता जाता एवढं म्हणाले, “नाव कळलं ते बरं झालं. नाहीतर आम्ही पोट धुवत बसलो असतो.”

सुलभावहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुपारी मी परत आलो तेव्हा सगळी सोसायटी आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली बसली होती, डबे उघडून. संकट आलं तरी जेवणाची वेळ आमच्याकडे टळत नसे. वखारीची दोन माणसं मुखवटे लावून घरोघर जाऊन आली होती. त्यातल्या एकाने माझी वही मागितली.

“घरं सोळा ना? पुरचुंड्या पंधराच मिळाल्या. एक कमी आहे.”

लोकांनी जेवणं थांबवली. एक कमी म्हणजे अजून कुठल्यातरी घरात आहे. बायकांनी पोरं जवळ ओढली.

“कुणाच्या घरची नाही?”

“चौथ्या मजल्यावरची. सोळा नंबर.”

सोळा नंबर म्हणजे मी.

“आमची गच्चीवर आहे,” नलिनी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “टाकीमागे, फुटक्या कुंडीत. यांनी ती घरात आणलीच नाही. काल खालून तसेच वर गेले आणि ठेवून आले. मी विचारलं तर म्हणाले, आपल्याला नको.”

मला वाटलं, आता. आता कुणीतरी विचारणार.

“बघा!” चिवटे म्हणाले. “याला म्हणतात दूरदृष्टी!”

“आम्ही हसत होतो तेव्हा माणूस विचार करत होता,” जोशी म्हणाले.

“आणि डॉक्टरला नाव कुणी सांगितलं? यांनीच ना? नाहीतर ते आंबाच शोधत बसले असते.”

फक्त आवटीकाकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेतला दावा मी आजवर नामंजूर करू शकलेलो नाही.

पोरगी जगली. तीन दिवस ती काचेच्या पेटीत होती, चौथ्या दिवशी रडली. त्या रडण्याची बातमी मिरजेहून फोनने आली तेव्हा चिवट्यांच्या सुनेने जिन्यात साखर वाटली. केतकीला सावरायला आणखी आठवडा लागला. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र त्या खोलीत गेली असती तर दोघींपैकी कुणी... आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं. शिकलेली माणसं अशी वाक्यं सोडतात, पुरी आपण करायची.

बारसं लांबलं ते जूनमध्ये झालं. सोसायटीने ठराव केला की बारशाच्याच मांडवात सेक्रेटरींचा सत्कार उरकून घ्यावा. म्हणजे मांडव एक, खुर्च्या त्याच, पेढेही त्याच खोक्यातले. ठराव एकमताने पास झाला आणि इतिवृत्तात तो मीच लिहिला. दुसरं कोण लिहिणार?

पाळण्यावर फुलं होती. पोरीचं नाव मृण्मयी ठेवलं. मग चिवट्यांनी भाषण केलं, त्यात ‘सतर्कता’ हा शब्द सहा वेळा आला, मी मोजला. शाल आणि नारळ ताटात तयार होते. शाल द्यायचा मान सुलभावहिनींचा होता.

वहिनी उठल्या. शालीला त्यांनी हात लावला नाही. पिशवीतून त्यांनी एक चंदेरी डबा काढला. रिकामा होता, धुऊन-पुसून स्वच्छ केलेला. आवटीकाकांनीच तो त्यांना आणून दिला असणार. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

“भावजी, शाल नंतर. आधी हे वाचा. मराठीत सांगा, मला इंग्रजी येत नाही. आणि मोठ्यानं, मागं बसलेल्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

कुणीतरी पोराला चापट मारून बसवलं.

मी वाचलं. “जहाल विष. ही गोळी हवेत उघडी पडली की विषारी वायू सुटतो. फक्त हवाबंद गोदामासाठी. राहत्या घरात, किंवा राहत्या घराला लागून असलेल्या जागेत वापरू नये. प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी हाताळू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे.”

“झालं?”

“झालं.”

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

“त्या दिवशीही एवढंच होतं?”

“हो.”

त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे.

“किती वेळ लागला हो, वाचायला?”

पार्किंगमध्ये हसली होती ती सगळीच्या सगळी माणसं समोर बसली होती. त्यांतलं एकही हसलं नाही. मी हिशेबी माणूस. खोटा आकडा मला त्याही दिवशी सांगता आला नाही.

“अर्धं मिनिट,” मी म्हणालो.

वहिनींनी शाल उचलली, घडी मोडली आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर नीट पांघरली. पुढचं टोक हाताने सारखं केलं, अगदी आजाऱ्याला पांघरूण घालतात तसं.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “उकडेल थोडं. पण असू द्या अंगावर.”

चिवट्यांनी टाळ्या सुरू केल्या.